जुने वस्त्र आणि घराची अब्रू
(गृहव्यवस्थेविषयी एक पाठ)

आपल्या खेड्यापाड्यांतील मंडळ्यांत काटकसरीचा विषय निघाला म्हणजे सर्व भगिनी माना डोलावितात. परंतु जुन्या बाजारातून कपडे घ्यावेत असे कोणी म्हटले की त्याच माना खाली जातात. हा संकोच कोठून आला हे पाहिल्यावाचून काटकसरीचा उपदेश करणे आम्हांस योग्य वाटत नाही. म्हणून या पाठात प्रथम त्या संकोचाचे मूळ पाहू, नंतर बाजारात व घरी प्रत्यक्ष काय करावे ते सांगू, आणि शेवटी हा भार घरात कोणी वाहावा याचा विचार करू.

१. संकोचाचे मूळ

आपल्यांतील पुष्कळांच्या वाडवडिलांस नवे वस्त्र क्वचितच लाभे. चांडाळांनी मृतांची वस्त्रे नेसावीत असा निर्बंध मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात घातलेला आहे. आपल्याकडील गावगाड्यातही प्रेतावरील कापड हा महारांचा एक हक्क म्हणून गणला जाई. ज्यास हक्क म्हटले तो वस्तुतः पायरी दाखविणारा डाग होता. ज्या घराण्यांनी तो पिढ्यान्‌पिढ्या सोसला त्यांस "जुने वापरा" हे शब्द टोचले, तर त्यात नवल ते काय?

डिसेंबर १९२७ मध्ये महाड येथे सत्याग्रह परिषद भरली. त्या प्रसंगी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी जमलेल्या स्त्रियांस निराळा उपदेश केला. लुगडे नेसण्याची जी तऱ्हा पाहताच जात ओळखू येते ती टाकून द्या, असे त्यांनी सांगितले. त्याचबरोबर, वस्त्रास ठिगळे असली तरी चिंता नाही, मात्र ते स्वच्छ असावे, असेही त्यांनी बजावले. यातील भेद वाचकांनी नीट ध्यानात घ्यावा. हीनपणाची खूण टाकावयाची होती. ठिगळ टाकावयाचे नव्हते.

यावरून आम्ही असा नियम काढतो: जे वस्त्र दुसऱ्याने आपली पायरी दाखविण्यासाठी अंगावर टाकले, ते नवे कोरे असले तरी नम्रपणे परत करावे. जे आपण स्वतः पारखून, आपल्या कष्टाच्या पैशाने घेतले, धुतले व आपल्या हाताने नीट केले, ते शंभर वेळा वापरलेले असले तरी त्यात लाज नाही.

२. अब्रू खरोखर कशाने जाते?

लग्न ठरले की बस्ता बांधावयास दोन्ही घरची माणसे तालुक्याच्या गावी जातात. व्याही काय म्हणतील या भयाने हात सैल सुटतो. मग आहेराच्या साड्या, टोप्या, टॉवेल यांचे गठ्ठे येतात. या साड्यांपैकी किती नेसल्या जातात? पुष्कळशा एका लग्नातून दुसऱ्या लग्नात फिरत राहतात आणि शेवटी पेटीच्या तळाशी विरतात.

आता हिशेब करू. बस्त्यासाठी १०,००० रुपये शेकडा ३ रुपये दरमहा व्याजाने काढले, तर महिन्यास ३०० व वर्षास ३,६०० रुपये केवळ व्याज होते. मुद्दल न फिटता तीन वर्षे गेली तर १०,८०० रुपये व्याजापायीच जातात. म्हणजे मुद्दलाहून अधिक देऊनही मुद्दल तसेच उभे! सावकार दारात येऊन चारचौघांत बोलतो तेव्हा जी अब्रू जाते, ती ठिगळाच्या लुगड्याने कधी गेली आहे काय? ज्या मंडळीत लग्ने पुष्कळ असतील तिने एकत्र बसून, आहेराची वस्त्रे न घेण्याचा व न देण्याचा ठराव करावा. एकट्या घरास हे कठीण जाते. सर्वांनी मिळून केले तर कोणाचाच कमीपणा होत नाही.

३. बाजारात पारख

जुन्या वस्तू आठवड्याच्या बाजारातही मिळतात. पुण्यास बुधवारी व रविवारी भरणारा जुना बाजार तर प्रसिद्धच आहे. तेथे जाताना पुढील गोष्टी ध्यानात असाव्यात.

कापड उन्हाकडे धरून पाहावे. विरलेला भाग तत्काळ दिसतो. शिवणीजवळ दोन्ही बाजूंनी हलके ओढावे. दोरा सुटत असेल तर पुन्हा शिवता येते, पण कापडच फाटत असेल तर ते सोडावे. सुती कपडे घरी आणताच वेगळे ठेवून उकळत्या पाण्यात धुवावेत व कडक उन्हात वाळवावेत, म्हणजे उवा व लिखा राहत नाहीत. वापरलेल्या गाद्या व उशा मात्र घेऊ नयेत. त्यांतून ढेकूण घरात येतात आणि मग निघत नाहीत.

पितळेचे भांडे घेतल्यास आतील कल्हई पाहावी. ती गेली असेल तर पुन्हा करून घेईपर्यंत त्यात ताक, चिंच, आमसूल असले आंबट पदार्थ ठेवू नयेत, कारण ते कळकतात व अपाय करतात. गॅसची नळी मात्र नवीच घ्यावी. तेथे चार पैसे वाचविणे म्हणजे घरास आग लावून शेकणे होय.

बोहारीण दारी आली म्हणजे तिच्या नव्या पातेल्याकडे पाहण्यापूर्वी आपल्या गाठोड्याकडे पाहावे. साडी बहुधा मध्ये विरते, काठ व पदर धड राहतात. ज्या कापडातून मुलाचे झबले निघेल ते पातळ भांड्याच्या मोबदल्यात देणे हा तोट्याचा व्यवहार आहे.

४. घरी शिवण्याजोगे

एक वर्षाच्या मुलाचे झबले. मऊ सुती साडीचा धड भाग ८४ सेंटीमीटर लांब व ५४ सेंटीमीटर रुंद कापावा. तो लांबीत एकदा दुमडावा, मग रुंदीत एकदा. म्हणजे ४२ बाय २७ सेंटीमीटरची चौपदरी घडी होईल. लांबीची घडी वर असावी. ती खांद्याची बाजू. रुंदीची घडी एका अंगास राहील. तिच्या समोरची ती मोकळी बाजू. मोकळ्या बाजूवर वरून १२ सेंटीमीटर बाहीसाठी सोडावे. तेथून १० सेंटीमीटर आत कापावे व मग सरळ खाली कापत जावे. जेथे दोन्ही घड्या मिळतात त्या कोपऱ्यावर ६ सेंटीमीटरची गोलाई कापली की गळा झाला. मागच्या बाजूस गळ्यापासून खाली १० सेंटीमीटर चिरून बंद लावावेत, म्हणजे डोके सहज जाते. बाजू शिवून कडा दुमडाव्यात. शिवणयंत्र नसले तरी सुईदोऱ्याने एका दुपारी हे होते.

गोधडी अथवा वाकळ. ही कला आपल्या आज्यांनी आपणांस दिलीच आहे. खाली धड साडी पसरावी, मध्ये विरलेल्या कपड्यांचे सारखे थर लावावेत, वर दुसरी साडी घालावी. सर्व ताणून, कडेने धावदोरा घालीत ओळीने आत यावे. थर सारखे नसले तर धुतल्यावर गोळे होतात; म्हणून टाके दाट असावेत.

५. भार कोणाचा?

आता सर्वांत कठीण गोष्ट. पुष्कळ घरांत काटकसर म्हणजे आईची काटकसर होय. मुलास नवा मोबाइल, बापास कडक इस्त्रीचा सदरा, आणि आईच्या पदरास गाठी! ही काटकसर नसून अन्याय आहे. बंधूंनो, ज्या घरात ठिगळ एकाच्याच वाट्यास येते त्या घरात जुनी पायरी नव्या रूपाने उभी राहिली असे समजावे. सणाच्या पूर्वी सर्वांनी एकत्र बसून ठरवावे की या वर्षी नवे कोणास, जुने कोणास. मुलींसही शाळेचा गणवेश नीट मापाचा मिळाला पाहिजे.

प्रेषितांच्या कृत्यांच्या नवव्या अध्यायात यापो येथील टबीथा म्हणजे दुर्कस हिची हकीकत आहे. ती मरण पावली तेव्हा विधवा रडत उभ्या राहिल्या व तिने केलेले अंगरखे व वस्त्रे पेत्रास दाखवू लागल्या. तिने त्यांस उपकाराचे ओझे दिले नव्हते. आपल्या हातचे काम दिले होते. म्हणूनच ती वस्त्रे त्यांनी अभिमानाने पुढे केली. देणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे: जे आपण आपल्या मुलास घालणार नाही ते दुसऱ्याच्या मुलास देऊ नये. द्यावयाचे तर धुऊन, बटण लावून, घडी घालून द्यावे.

विचारासाठी प्रश्न

१. गेल्या वर्षी आपल्या घरी कपड्यांसाठी कर्ज काढले काय? त्याचे व्याज किती झाले?
२. आपल्या पेटीत न नेसलेल्या आहेराच्या साड्या किती आहेत? त्यांतून काय शिवता येईल?
३. आपल्या घरात सर्वांत जुने वस्त्र कोणाच्या अंगावर आहे, आणि ते तसे कोणी ठरविले?

उपदेशक बंधूंनी तिसरा प्रश्न प्रथम आपल्या घरी विचारावा, मग मंडळीत.