मिनिपिगमधील व्याधिक्षमत्वाचा विकास आणि आपली बालचिकित्सा

प्रस्तावना

औषधाच्या वेष्टनावर 'रोगप्रतिकारशक्ती वाढवते' हे शब्द आता इतके सर्रास दिसतात, की त्यांचा नेमका अर्थ काय, हा प्रश्न आपणही फारसा विचारीत नाही. 2020 च्या कोविड महासाथीनंतर अशा कल्पांची मागणी वाढली आणि ती मोठ्या माणसांपुरती न राहता अर्भकांपर्यंत पोहोचली. उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर या पट्ट्यात व्यवसाय करणाऱ्या वैद्यांकडे जन्मघुटी, सुवर्णप्राशन आणि गुडूचीचे कल्प यांविषयी विचारणा नित्याचीच आहे. अंबरनाथ एमआयडीसी आणि बदलापूरच्या औद्योगिक वसाहतीत औषधनिर्मितीही होते. औषध तयार करणारा, विकणारा आणि योजणारा असे तिघेही येथे एकमेकांच्या शेजारी आहेत. म्हणूनच बालकाचे व्याधिक्षमत्व मुळात कसे घडते, हे जाणून घेण्याची जबाबदारी तिघांवरही येते.

या विषयाचे बरेच ज्ञान एका प्राण्याच्या अभ्यासातून मिळाले आहे. तो प्राणी म्हणजे वैद्यकीय संशोधनासाठी पाळली जाणारी लहान जातीची डुकरे, अर्थात मिनिपिग. प्रस्तुत लेखात या प्राण्यातील व्याधिक्षमत्वाच्या विकासाचा परिचय करून देऊन, त्यातून आपण काय घ्यावे आणि काय घेऊ नये, याचा विचार केला आहे.

मिनिपिगची निवड कशासाठी?

नेहमीच्या पाळीव डुकराचे वजन पूर्ण वाढीनंतर 200 किलोच्याही पुढे जाते. प्रयोगशाळेत त्याला सांभाळणे अवघड असते. म्हणून अमेरिकेतील मिनेसोटा येथे 1949 पासून लहान चणीची डुकरे निपजविण्यास प्रारंभ झाला. पुढे 1960 च्या दशकात जर्मनीतील गॉटिंगेन विद्यापीठाने मिनेसोटा मिनिपिग, व्हिएतनामी पोटाळ डुक्कर आणि जर्मन लँडरेस यांच्या संकरातून 'गॉटिंगेन मिनिपिग' ही जात तयार केली. पिलू जन्मतः अर्ध्या किलोहूनही कमी वजनाचे असते, तर प्रौढ प्राण्याचे वजन साधारण 35 ते 45 किलो भरते. त्वचा, हृदय, पचनसंस्था आणि वृक्क यांची रचना माणसाशी बरीच जुळत असल्यामुळे औषधांच्या सुरक्षिततेच्या चाचण्यांत या प्राण्याचा उपयोग होतो. मार्च 2024 मध्ये बोस्टन येथे एका जिवंत रुग्णाच्या शरीरात जनुकीय बदल केलेल्या डुकराचा वृक्क बसविण्यात आला. तो दाता प्राणीही युकाटन या मिनिपिग जातीचाच होता.

आपल्या देशात असे कोणतेही संशोधन 1960 च्या प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायद्यान्वये नेमलेल्या केंद्रीय समितीच्या नियमांनुसार, नोंदणीकृत प्राणिगृहातच करता येते. औषध उत्पादकांनी हे ध्यानात ठेवणे आवश्यक आहे.

जन्मापूर्वीचा काळ

डुकरिणीचा गर्भकाळ सुमारे 114 दिवसांचा असतो. रक्तपेशींची निर्मिती प्रथम पीतक कोशात, नंतर यकृतात आणि शेवटी अस्थिमज्जेत होते. गर्भकाळाच्या पहिल्या तृतीयांशानंतर थायमस ग्रंथीत टी पेशी घडू लागतात. जन्माच्या वेळी पिलाजवळ टी आणि बी या दोन्ही प्रकारच्या पेशी असतात. तथापि या पेशींची कोणत्याही जंतूशी गाठ पडलेली नसते. शस्त्रे आहेत, पण शत्रूची ओळख नाही, अशी ही अवस्था होय.

याहून महत्त्वाची गोष्ट अपरेची आहे. डुकरिणीच्या अपरेत माता आणि गर्भ यांच्या रक्तामध्ये ऊतींचे सहा थर असतात. मातेच्या रक्तातील प्रतिपिंडे हे थर ओलांडू शकत नाहीत. परिणामी पिलू जन्मते तेव्हा त्याच्या रक्तात प्रतिपिंडे जवळजवळ नसतातच.

जन्मानंतरचे पहिले 36 तास

ही उणीव मातेच्या चिकाने भरून निघते. डुकरिणीच्या चिकात आयजीजी या प्रकारची प्रतिपिंडे विपुल असतात. नवजात पिलाच्या आतड्याच्या पेशी ही मोठी प्रथिने अखंड स्वरूपात शोषून रक्तात पोहोचवितात. मात्र हे द्वार जन्मानंतर साधारण 24 ते 36 तासांत मिटते. त्यानंतर पाजलेला चीक पचतो, परंतु त्यातील प्रतिपिंडे रक्तात जात नाहीत. या अवधीत चीक न मिळालेले पिलू किरकोळ संसर्गानेही दगावू शकते. पुढे काही दिवसांत दुधातील आयजीजीचे प्रमाण घटते आणि आयजीए वाढते. ही प्रतिपिंडे आतड्याच्या पृष्ठभागावर राहून रक्षण करतात.

आपल्याकडील गोपालकांना ही बाब अपरिचित नाही. गाईच्या वासराचीही स्थिती अशीच असते. खरवसासाठी चीक काढण्यापूर्वी वासराला पोटभर पाजावे, असे जाणती माणसे सांगतात. त्यामागील शरीरशास्त्र हेच आहे.

जंतुविरहित पिलांचा धडा

तत्कालीन चेकोस्लोव्हाकियातील नोव्ही ह्रादेक येथील प्रयोगशाळेत मिनिपिगची पिले शस्त्रक्रियेने काढून, संपूर्ण जंतुविरहित कक्षात आणि चिकाशिवाय वाढविण्यात आली. माता आणि जंतू या दोहोंचाही प्रभाव नसताना व्याधिक्षमत्वाचे काय होते, हे त्यामुळे पाहता आले. या पिलांच्या आतड्यातील पेयर लसिकापुंज अविकसित राहतात आणि प्रतिपिंडांची निर्मिती अत्यल्प होते. याउलट मातेजवळ नैसर्गिकरीत्या वाढणाऱ्या पिलाच्या आतड्यात निरनिराळ्या संरक्षक पेशी ठरावीक क्रमाने येतात आणि सुमारे सात आठवड्यांत तेथील रचना प्रौढासारखी होते.

तात्पर्य असे, की निरुपद्रवी जंतूंचा सहवास हा व्याधिक्षमत्वाच्या घडणीचा आवश्यक भाग आहे. ही घडण टप्प्याटप्प्याने होते आणि प्रत्येक टप्प्याला स्वतःचा काळ असतो. एक टप्पा चुकला, तर नंतर कितीही उत्तेजन दिले तरी तीच संधी पुन्हा येत नाही.

मानवी बालकाशी साम्य आणि भेद

येथेच सावधपणाची गरज आहे. मानवी अपरेची रचना निराळी आहे. मातेची आयजीजी प्रतिपिंडे गर्भाकडे सक्रियपणे नेली जातात आणि त्यांतील बहुतांश शेवटच्या तीन महिन्यांत पोहोचतात. पूर्ण दिवसांच्या अर्भकाच्या रक्तातील त्यांची पातळी मातेइतकी किंवा तिच्याहून थोडी अधिकच असते. अपुऱ्या दिवसांचे बालक मात्र या ठेव्याला मुकते. मानवी चिकात प्रामुख्याने आयजीए असते. ते रक्तात शोषले जात नाही, तर आतडे आणि घसा यांच्या पृष्ठभागावर कार्य करते.

याशिवाय डुकराच्या लसिकाग्रंथींची अंतर्रचना माणसाच्या तुलनेत उलटी असते आणि त्याच्या रक्तात गॅमा-डेल्टा प्रकारच्या टी पेशींचे प्रमाण बरेच जास्त असते. म्हणून मिनिपिगवरील निष्कर्ष जसाच्या तसा बालकास लावता येत नाही. दुकानांत मिळणाऱ्या गाईच्या चिकाच्या भुकटीबाबत हे विशेष लक्षात घ्यावे. वासराला चिकातून जे मिळते, ते माणसाच्या आतड्यातून रक्तात त्याच प्रकारे पोहोचत नाही.

आयुर्वेदीय विचार

चरकाचार्यांनी सूत्रस्थानात सहज, कालज आणि युक्तिकृत असे त्रिविध बल सांगितले आहे. यांपैकी कालज बलाचा संबंध ऋतू आणि वय या दोहोंशी आहे. प्रतिपिंडे म्हणजेच अमुक बल, असे समीकरण मांडणे शास्त्रास धरून होणार नाही. तरीही वयानुसार बल बदलते आणि युक्तीने करावयाच्या उपायांनी वयाची मर्यादा ओळखली पाहिजे, हे सूत्र वरील निरीक्षणांशी सुसंगत आहे.

नवजाताच्या पहिल्या आहाराबाबत आपल्या संहितांत मतभेद आहे. सुश्रुताचार्यांच्या मते स्तन्य तिसऱ्या वा चौथ्या रात्रीनंतर प्रवर्तित होते. म्हणून तोवर मध, तूप आदींची योजना त्यांनी सांगितली. चरकाचार्यांनी मात्र मध-तुपाच्या प्राशनानंतर लगेच उजवे स्तन देण्यास सांगितले आहे. आजच्या ज्ञानाच्या कसोटीवर स्तनपानाबाबतचा चरकाचार्यांचा क्रम अधिक ग्राह्य ठरतो, कारण पहिल्या दोन-तीन दिवसांत स्रवणारा थोडा, पिवळसर चीक हेच त्या वेळचे स्तन्य होय. ते 'दूध आलेले नाही' असे समजून टाकून देणे अनर्थकारक आहे.

मधाविषयीही स्पष्ट बोलले पाहिजे. मधात क्लॉस्ट्रिडियम बॉट्युलिनम या जंतूचे बीजाणू असू शकतात. मोठ्या माणसाच्या आतड्यातील स्थिर जंतुसमूह त्यांना रुजू देत नाही. अर्भकाच्या आतड्यात तो समूह अद्याप तयार नसतो, त्यामुळे बीजाणू रुजून विष निर्माण होऊ शकते आणि स्नायूंना पक्षाघात होतो. म्हणून एक वर्षाच्या आत मध देऊ नये, हा आजचा सर्वमान्य नियम आहे. सुवर्णप्राशनाच्या प्रचलित कल्पांत मध असतो, याचा विचार प्रत्येक वैद्याने करावा. काश्यप संहितेच्या लेहाध्यायातही लेहन कोणास देऊ नये, याची यादी आहेच. सरसकट सर्व बालकांना रांगेत उभे करून थेंब पाजणे त्या अध्यायाच्या भावनेशी जुळत नाही.

गुडूचीचे उदाहरण

परळच्या के.ई.एम. रुग्णालयात डॉ. शरदिनी डहाणूकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गुडूचीवर केलेले कार्य आपणा सर्वांना अभिमानास्पद आहे. प्राण्यांवरील प्रयोगांनंतर अवरोधजन्य कामलेच्या 30 रुग्णांवर केलेला अभ्यास 1993 मध्ये प्रसिद्ध झाला. गुडूची न दिलेल्या गटात निम्म्या रुग्णांना रक्तातील जंतुसंसर्ग झाला, तर गुडूची दिलेल्या गटात तो कोणासही झाला नाही. रुग्णसंख्या लहान असली, तरी प्राण्याकडून रुग्णाकडे पायरीपायरीने जाण्याचा हा आदर्श होय. पण हा निष्कर्ष शस्त्रक्रियेच्या रुग्णांचा आहे. त्यावरून सहा महिन्यांच्या निरोगी बालकासाठी सिरप योजणे म्हणजे मधल्या सर्व पायऱ्या गाळणे होय.

मुंबईतील यकृततज्ज्ञांनी 2021 मध्ये गुडूची सेवनानंतर यकृतदाह झालेल्या सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने वनस्पतीची ओळख पटविली नसल्याचा आक्षेप घेतला आणि गुडूचीसारख्याच दिसणाऱ्या दुसऱ्या वेलीशी होणाऱ्या गल्लतीकडे लक्ष वेधले. वाद काहीही असो, द्रव्याची खात्री आणि रुग्णाची विचारपूस या दोन्ही जबाबदाऱ्या आपल्याच आहेत.

व्यवहारासाठी सूचना

1. प्रसूतीनंतर पहिल्या तासात स्तनपान सुरू व्हावे, असा आग्रह गर्भिणी तपासणीच्या वेळीच धरावा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार 2019-21 मध्ये देशात 41.8 टक्के बालकांनाच पहिल्या तासात स्तनपान मिळाले.

2. पहिले सहा महिने केवळ स्तन्य द्यावे. घुटी, मध वा साखरपाणी देण्याचा सल्ला देऊ नये. कारखान्यात काम करणाऱ्या मातेला दूध काढून ठेवण्याची पद्धत समजावून सांगावी.

3. अपुऱ्या दिवसांच्या बालकास मातेकडून प्रतिपिंडे कमी मिळालेली असतात. त्यास ताप आल्यास वेळ न दवडता बालरोगतज्ज्ञांकडे पाठवावे.

4. लसीकरणास कोणताही कल्प पर्याय नाही, हे पालकांना निःसंदिग्ध सांगावे.

5. औषधविक्रेत्यांनी दुग्धपर्यायी पदार्थांची जाहिरात वा मांडणी करू नये. 1992 च्या कायद्याने त्यास मनाई आहे.

6. उत्पादकांनी वेष्टनावर प्रतिकारशक्तीचा दावा करताना तो कोणत्या वयाच्या रुग्णांवरील अभ्यासावर आधारलेला आहे, हे स्वतःस आधी विचारावे.

निष्कर्ष

व्याधिक्षमत्व ही बाटलीतून ओतून वाढविण्याची वस्तू नसून काळाच्या क्रमाने घडणारी व्यवस्था आहे, हे मिनिपिगच्या अभ्यासातून स्पष्ट होते. पिलाला 36 तासांत चीक न मिळाल्यास ती हानी नंतर भरून येत नाही. मानवी बालक याबाबतीत अधिक सुदैवी असले, तरी त्याच्याही पहिल्या दिवसांचे मोल तेवढेच आहे. बालकासाठी औषध योजताना मात्रेआधी वयाचा विचार करावा आणि पहिल्या सहा महिन्यांत मातेच्या स्तन्यास अग्रस्थान द्यावे. युक्तिकृत बलातील युक्ती ती हीच.