आधी रेघ बघ

हे बघ, त्वचेच्या विद्युतवाहकतेचा डेटा हातात आला की लगेच सॉफ्टवेअरच्या स्वाधीन करू नकोस. प्रत्येक पार्टिसिपंटची कच्ची रेघ आधी डोळ्यांखालून घाल, अथपासून इतिपर्यंत. कंटाळवाणं काम आहे, पण दुसऱ्यावर ढकलायचं नाही. खरा प्रतिसाद चित्र किंवा आवाज आल्यावर एक ते चार सेकंदांत उठतो, पुढच्या एक ते तीन सेकंदांत शिखर गाठतो आणि उतरतो मात्र रमतगमत. टोकदार चढून तितक्याच वेगाने कोसळला, तर समज बोट हललंय. उसासा आणि खोकला यांचं तसं नाही. त्यांनी उठलेली लाट अगदी खऱ्यासारखी दिसते, रेघेवरून कळायची नाही. म्हणून रेकॉर्डिंग चालू असतानाच मार्कर टाकत जा.

किती उंचीच्या लाटेला प्रतिसाद म्हणायचं, तो उंबरठा आधी ठरव. कागदी पट्टीवर हाताने मोजायचो तेव्हा ०.०५ मायक्रोसीमेन्सच्या खाली जाणं अवघड होतं, आता संगणक ०.०१ सुद्धा उचलतो. कोणताही घे, पण निकाल बघायच्या आधी लिहून ठेव. नंतर हलवलास तर तो उंबरठा कसला!

दोन चित्रांमध्ये चांगलं आठ-दहा सेकंदांचं अंतर असेल तर दरी ते शिखर मोजणं पुरतं. अंतर कमी असलं की पहिल्याच्या उतारावरच दुसरा चढतो आणि दुसऱ्याची उंची कमी भरते. बेनेडेक आणि केर्नबाख यांनी २०१० मध्ये मांडलेली पद्धत लेडालॅब या सॉफ्टवेअरमध्ये आहे ती याचसाठी: एकमेकांत मिसळलेल्या लाटांमधून ती घामग्रंथींकडे जाणाऱ्या चेतासंदेशांचा अंदाज काढते. पीएसपीएम या दुसऱ्या सॉफ्टवेअरची वाट निराळी, तिथे आधी मॉडेल मांडायचं. दोन्ही मॅटलॅबवर चालतात. पायथनची सवय असेल तर न्यूरोकिट घे. पण एकाचे आकडे दुसऱ्याच्या आकड्यांशी ताडून बघू नकोस. लेडालॅबचा आयएससीआर, म्हणजे प्रतिसादाची काळावर केलेली बेरीज, मायक्रोसीमेन्स-सेकंदात येतो, साध्या उंचीशी त्याची तुलना होत नाही.

प्रतिसाद आलाच नाही अशा फेऱ्यांचं काय? शून्य धरून सरासरी काढलीस तर ते मॅग्निट्यूड, त्या फेऱ्या सोडून काढलीस तर अँप्लिट्यूड. पेपरात कोणतं ते स्पष्ट लिही. मी परीक्षक असले तर आधी तेच शोधते. आणि 'हा नॉन-रिस्पॉन्डर' म्हणून कुणाला वगळणार असशील तर जपून. भीतीच्या अभिसंधानावरच्या अभ्यासांत वगळण्याचे निकष किती वेगवेगळे असतात, हे लोन्सडॉर्फ आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये दाखवलंय.

हाताचंही सांगते. साबण-पाण्याने धुवायला लाव, स्पिरिट नको. ईसीजीची जेल मुळीच नको, तिच्यात मीठ फार असतं. इलेक्ट्रोड लावल्यावर पाच-दहा मिनिटं थांब, मग एक खोल श्वास घ्यायला सांग. रेघ उठली नाही तर आधी वायर तपास, मग हात गार पडलेत का बघ आणि एसी कमी कर.