गतिरोधक आला, झोप गेली

प्रश्न : आमच्या गल्लीतून गाड्या सुसाट जायच्या, म्हणून आम्हीच पाठपुरावा करून गतिरोधक घालून घेतला. आता रात्रीचा आवाज उलट वाढलाय, आणि पोरं बाइकचा वेग कमी करतच नाहीत. असं कसं?

उत्तर : तुमचा गतिरोधक बहुधा डांबराचा वीत-दीड वीत रुंदीचा उंचवटा असणार. गोम तिथेच आहे.

ताशी 40 किलोमीटरने येणारी गाडी सेकंदाला 11 मीटर जाते. 30 सेंटिमीटरचा उंचवटा ती सेकंदाच्या जेमतेम चाळिसाव्या हिश्शात ओलांडते. चाक उडतं, पण तो दणका शॉकअप गिळतात. गाडीचं धूड वर उचललं जाण्याआधीच चाक पलीकडे उतरलेलं असतं. हळू जाणाऱ्याला मात्र अख्खा चढउतार भोगावा लागतो. म्हणजे शिक्षा सभ्य माणसालाच! ‘आणखी उंच करा’ हा लोकांचा आवडता तोडगाही फसवा. उंचीने गाडीचं पोट घासतं. वेग उतरवायला उंचवट्याचा पसारा लागतो.

ब्रिटनमधल्या रस्तेसंशोधकांनी 1970च्या दशकात असा ऐसपैस, गोलसर उंचवटा तयार केला. इंडियन रोड्स काँग्रेसचं मापही जवळपास तेच : 3.7 मीटर रुंद, मधोमध 10 सेंटिमीटर उंच, ताशी 25 किलोमीटर वेगासाठी. त्यावर 40ने गाडी घातली, तर ती माणसांसकट उचलली जाते. असा अनुभव सहसा कुणी दुसऱ्यांदा घेत नाही.

आता आवाज. एका लयीत जाणारी गाडी घरघरत निघून जाते. अरुंद उंचवट्यापाशी मात्र आधी करकचून ब्रेक, मग मागच्याचा हॉर्न, पहिला गिअर आणि पुन्हा रेस. रिकामा टेम्पो असला, की फाळका आणि साखळ्या वाजतात त्या वेगळ्याच. संथ घरघरीपेक्षा अशा अवचित दणक्यांनी झोप जास्त मोडते. त्यात दोन्ही बाजूंच्या इमारती आवाज एकमेकींवर फेकत राहतात, त्यामुळे तिसऱ्या मजल्यावरचेही सुटत नाहीत.

मग उखडून टाकावा का? नको. मापाचा करून मागा, वर पांढरे पट्टे आणि अलीकडे सूचनाफलकही मागा. हॉर्नचं म्हणाल, तर निवासी भागात रात्री 10 ते सकाळी 6 आणीबाणीखेरीज तो वाजवायला नियमानेच बंदी आहे. जागा मात्र बागेच्या किंवा शाळेच्या कुंपणालगतची सुचवा. गतिरोधक सगळ्यांनाच हवा असतो, फक्त शेजारच्याच्या खिडकीखाली.