“मॅडम, करंट देता ना?”

सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी २२ वर्षं फिजिओथेरपी करते आहे. नवा पेशंट अजूनही दारातूनच विचारतो, “मॅडम, करंट देता ना?” देते. पण या वर्षांनी शिकवलं ते करंटच्या पलीकडचं आहे.

१. शेक आणि करंट दुखणं थोडं उतरवतात. ताकद व्यायामानंच येते, आणि तो पेशंटनं स्वतः करायचा असतो. झिजलेला गुडघा मी नवा करून देऊ शकत नाही. मात्र मांडीचा पुढचा स्नायू भक्कम झाला की तोच गुडघा पुष्कळ सोसतो. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवायची, ती खाली दाबायची, पाचपर्यंत मोजायचं, सोडायचं. भातलावणीला जाणाऱ्या एका मावशींनी हे दोन महिने नेमानं केलं. आता त्या कठडा न धरता जिना चढतात.

२. अंगावरून वारं गेलं की घड्याळ बघायचं. तोंड वाकडं झालं, हात लुळा पडला, बोलणं अडखळलं, तर कुणाकडेही मालिशला न नेता थेट मोठ्या दवाखान्यात न्या. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं. फिजिओथेरपी त्यानंतर, पण तीही लवकर. प्रकृती स्थिर झाली की डॉक्टरांना विचारून दवाखान्यातच सुरू करायची. पहिल्या तीन महिन्यांत सुधारणा सगळ्यात जास्त होते. पुढेही होते, पण सावकाश.

घरच्यांची माया इथे कधीकधी नडते. लुळ्या हाताला धरून किंवा काखेत हात घालून माणसाला ओढून उठवतात आणि खांदा सांध्यातून खाली सरकतो. नंतर ते दुखणंच व्यायाम करू देत नाही. म्हणून पहिल्या दिवशी मी पेशंटआधी सुनेला नाहीतर मुलाला शिकवते: कुशीवर वळवा, पाय खाटेवरून खाली सोडा, मग पाठीला आधार देऊन बसवा.

एक आजी माझ्याकडे विसाव्या दिवशी आल्या. उजवा हात पूर्ण गेलेला. रबरी चेंडू दाबायला त्यांना मुळीच आवडेना. मग सुनेनं सुपात भुईमुगाच्या शेंगा आणून पुढ्यात ठेवल्या. डाव्या हातानं उजव्याची बोटं शेंगेभोवती मिटवायची आणि दाबायचं, रोज तेच. सहाव्या आठवड्यात डाव्या हाताच्या मदतीशिवाय एक शेंग फुटली. त्यांनी दाणा तोंडात टाकला नाही, सुनेच्या हातावर ठेवला. मेंदूचा मेलेला भाग परत येत नाही. पण उरलेल्या भागाला ते काम शिकवता येतं, आणि तो शिकतो शेकडो वेळा केल्यावरच.

३. खांदा आखडला की रक्तातली साखर तपासून घ्या. मधुमेह असणाऱ्यांना हा त्रास जास्त होतो. बायका सांगतात, “वेणी घालायला हात जात नाही.” बहुतेक जण दुखतं म्हणून हात पोटाशी धरून ठेवतात, त्यानं खांदा आणखी आखडतो. भिंतीवर बोटं चढवत न्या, रोज पेन्सिलची खूण करा. बरं व्हायला वर्ष-दीड वर्षही लागतं, हे मी आधीच सांगून टाकते.

४. कूस बदलताना खोली गरगर फिरते आणि मिनिटभरात थांबते? ही चक्कर बऱ्याचदा आतल्या कानातले बारीक कण जागेवरून हलल्यामुळे येते. तपासून, डोकं ठरावीक दिशांनी वळवून ते पुन्हा जागी नेता येतात. पुष्कळांना एक-दोन वेळांत आराम पडतो.

५. खोकताना, शिंकताना, हंडा उचलताना लघवी सुटते, हे बाया दहा-दहा वर्षं कुणाला सांगत नाहीत. लग्नाला जाणं सोडतात, एसटीचा प्रवास टाळतात. पहिली काही वर्षं मीही विचारत नव्हते, त्याचं मला आजही वाईट वाटतं. आता कंबरदुखीसाठी आलेल्या प्रत्येक बाईला विचारते. ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आवळायचे व्यायाम अमेरिकेतल्या डॉ. अर्नोल्ड केगेल यांनी १९४८ सालीच मांडले. नीट शिकून तीन महिने केले तर बहुतेकींना फरक पडतो. बाळंतपणानंतर असं होतंच, असं म्हणून ते सोसू नका.

६. चुलीच्या धुरानं किंवा विडीनं छाती भरलेल्यांनाही बसून राहणं मानवत नाही. ओठांचा चंबू करून सावकाश श्वास सोडायला शिकवलं आणि रोज थोडं थोडं चालवलं, की धाप कमी लागते.

७. काही पेशंट मी हात न लावता पुढे पाठवते. कंबरदुखीबरोबर लघवी-संडासवरचा ताबा सुटला, जांघेत बधिरपणा आला किंवा पाय लुळे पडू लागले, तर त्याच दिवशी सर्जन गाठायचा.

फिजिओथेरपिस्टकडे जाल तेव्हा पदवी विचारा, घरचा व्यायाम कागदावर लिहून घ्या आणि निघण्याआधी तो त्यांच्यासमोर एकदा करून दाखवा.