वार्षिक शुल्काचे क्रेडिट कार्ड : ठेवावे की बंद करावे?

तमिळनाडूतील कुंभकोणम येथे १९०४ मध्ये ‘कुंभकोणम बँक’ स्थापन झाली; तीच आजची सिटी युनियन बँक. बँक व्यवसायाची अशी जुनी परंपरा असलेल्या या परिसरातील तिरुक्करुगावूर गावच्या कार्डधारकालाही देशभरातील नियमच लागू होतात.

कार्ड न वापरताही वार्षिक शुल्क लागू शकते. ५०० रुपये शुल्क १८ टक्के वस्तू व सेवा करासह ५९० रुपये होते. ते थकल्यास व्याज वाढते आणि पतइतिहास बिघडू शकतो.

तथापि, कार्ड बंद करण्यापूर्वी पतमर्यादेच्या वापराचे प्रमाण पाहावे. समजा, एक लाख व ५० हजार रुपये मर्यादेच्या दोन कार्डांवर एकूण ३० हजार रुपये खर्च होतात. हे प्रमाण २० टक्के आहे. दुसरे कार्ड बंद केल्यास तेवढ्याच खर्चाला ते ३० टक्के होईल व क्रेडिट स्कोअर घटू शकेल. म्हणून गृहकर्ज लवकरच घ्यावयाचे असल्यास प्रथम शुल्कमाफी किंवा शुल्करहित कार्ड मागावे.

अन्यथा, लाभापेक्षा शुल्क अधिक असलेले कार्ड बंद करणेच इष्ट. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या निर्देशांनुसार, थकबाकी नसल्यास कार्ड सात कामकाजाच्या दिवसांत बंद करणे बंधनकारक ठरले; विलंब झाल्यास ग्राहकास प्रतिदिन ५०० रुपये देण्याची तरतूद करण्यात आली.