जपानी घड्याळ पारखावे कसे?

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच. ‘कमवा व शिका’ योजनेच्या पैशांतून जुने सिको घड्याळ आणले, तेव्हा आबांनी एवढेच विचारले, “वेळ पाहायला हातातले एक पुरत नाही का?”

किन्तारो हात्तोरी यांनी १८८१ साली टोकियोत दुकान थाटले. १९१३ साली त्यांच्या कारखान्यातून ‘लॉरेल’ हे जपानचे पहिले मनगटी घड्याळ बाहेर पडले. पुढच्या जुन्या सिको घड्याळांचा इतिहास त्यांच्या पाठीवर वाचता येतो. मागच्या झाकणावर आडव्या रेघेआधीचे चार अंक यंत्राचा क्रमांक सांगतात. निर्मिती-क्रमांकातील पहिला अंक वर्षाचा शेवटचा, दुसरा महिन्याचा. दशक यंत्रावरून ताडावे लागते. तबकडीच्या तळाशीही बारीक अक्षरांत यंत्राचा क्रमांक असतो. दोन्ही जुळले पाहिजेत.

माझे जुळले नाहीत. झाकणावर ७००९, चकचकीत तबकडीवर ६११९! महिन्याची कमाई गेली. भीतभीतच आबांना सांगितले. ते रागावले नाहीत. म्हणाले, “बैल घेताना आम्ही आधी दात बघतो.”

आज माझ्या संग्रहात तीन घड्याळे आहेत. पहिले फसवणुकीचे, ते मुद्दाम ठेवले आहे. उरलेल्या दोघांचे दात मी आधी पाहिले. मित्रहो, संग्रहाला पैशाआधी नजर लागते.