क्षयरोग्याची घरची शुश्रूषा

क्षयरोगाला आपण टी.बी. म्हणतो. हा रोग करणीने किंवा देवाच्या कोपाने होत नाही. तो जंतूमुळे होतो. हा जंतू सापडल्याचे रॉबर्ट कॉक या जर्मन शास्त्रज्ञाने २४ मार्च १८८२ रोजी जाहीर केले. म्हणून २४ मार्चला जागतिक क्षयरोग दिन पाळतात.

फुफ्फुसाचा क्षय झालेला माणूस खोकला की जंतू हवेत उडतात आणि जवळच्या माणसाच्या श्वासातून आत जातात. रोग्याच्या ताटात जेवल्याने किंवा त्याला हात लावल्याने हा रोग होत नाही.

ओळखावा कसा?

दोन आठवड्यांहून जास्त खोकला, संध्याकाळी बारीक ताप, भूक न लागणे, वजन घटणे, रात्री घाम येणे, कधी थुंकीत रक्त पडणे. अशा वेळी बेडका तपासून घ्यावा. डहाणू व कासा येथे उपजिल्हा रुग्णालय आहे, तलासरीला ग्रामीण रुग्णालय आहे. सरकारी दवाखान्यात तपासणी व औषध फुकट मिळते. भगताकडे जायचे तर जा, पण आधी बेडका तपासा!

सहा महिने कशासाठी?

साध्या क्षयाला सहा महिने रोज गोळ्या घ्याव्या लागतात. पहिल्या काही आठवड्यांत बरेच जंतू मरतात आणि रोग्याला बरे वाटते. पण थोडे जंतू दडून राहतात. गवत वरून कापले आणि मुळी राहिली तर ते पावसात पुन्हा फुटते ना? तसेच हे. औषध मध्येच सोडले तर रोग उलटतो. मग कधीकधी त्याच गोळ्या लागू पडत नाहीत.

माझ्या आजोबांना क्षय झाला होता. दोन महिन्यांत त्यांचा खोकला थांबला. ते म्हणाले, "आता मी बरा हाय, गोळ्या कशाला?" त्यात दिवाळीनंतर घरची माणसे वीटभट्टीवर निघाली. आशाताई म्हणाल्या, "भट्टीवर जा, पण कार्ड बरोबर न्या. तुमचा नंबर दाखवला की तिकडच्या सरकारी दवाखान्यात गोळ्या मिळतील." तिथे आई रोज आजोबांच्या हातावर गोळ्या ठेवी आणि गिळेपर्यंत समोर उभी राही. सहा महिने पुरे झाल्यावर बेडका तपासला. जंतू निघाले नाहीत.

घरी काय करावे?

१. खोकताना तोंडावर फडके धरावे. झाकणाच्या डब्यात थुंकावे. बेडका जाळावा किंवा खोल पुरावा.

२. दार-खिडकी उघडी ठेवावी. रोग्याला ओट्यावर, उजेडात बसवावे.

३. नागलीची भाकर, डाळ, वाल, अंडी, सुकट, शेवग्याचा पाला खायला द्यावा. आहारासाठी सरकार २०१८ पासून रोग्याच्या खात्यात पैसे भरते. नोव्हेंबर २०२४ पासून ही रक्कम महिना १,००० रुपये झाली.

४. ताडी, दारू, बिडी बंद.

५. गोळ्यांनी लघवी लालसर होते. ते रक्त नव्हे, घाबरू नये. पण डोळे पिवळे झाले, उलट्या थांबेनात किंवा नजर अंधुक झाली तर लगेच डॉक्टरांकडे जावे.

६. घरातल्या सर्वांनी तपासून घ्यावे. रोग नसला तरी तो होऊ नये म्हणून डॉक्टर औषध देतात. लहान मुलांना ते फार गरजेचे असते.

७. रोग्याला वाळीत टाकू नये. मद्रासमध्ये काही रोग्यांना घरी व काहींना रुग्णालयात ठेवून औषध दिले होते. घरचे रोगीही तितकेच बरे झाले आणि घरच्यांना त्यामुळे जास्त लागण झाली नाही. हे १९५९ साली प्रसिद्ध झाले.

पालकांनो, भट्टीवर, बोटीवर किंवा वापीला कामाला जाताना भाकरीच्या गाठोड्यात औषधाचे कार्डही बांधा.

सांगा पाहू

१. बरे वाटले तरी गोळ्या का सोडू नयेत?

२. बाहेरगावी जाताना रोग्याने काय बरोबर न्यावे?

३. तुमच्या पाड्यावर कोणाला दोन आठवड्यांपासून खोकला आहे का? त्यांना कुठे जायला सांगाल?